कामट्या आणि कागद

सहामाही परीक्षा आटोपली की आमच्या शाळेत आकाशकंदिलांचा कारखाना निघतो. मी चित्रकलेचा आणि हस्तव्यवसायाचा मास्तर. त्यामुळे या कारखान्याची मालकी, देखरेख आणि शेवटी केर काढणे ही तिन्ही कामे माझ्या वाट्याला येतात. रांजणगावच्या बाजारात बसणारे एक बुरूडबाबा आम्हाला कामट्या तासून देतात. मुले त्या दोऱ्याने बांधतात, खळ लावून पतंगाचा कागद डकवतात, शेपट्या कातरतात. वर्गभर खळीचा वास सुटला की मला दिवाळी आल्यासारखे वाटते. उटण्याचा वास त्यानंतरचा.

गेल्या वर्षी या गडबडीत सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, कागदसुद्धा बांबूचाच करतात ना?"

"करत असत," मी म्हटले. "अजूनही काही ठिकाणी करतात."

"मग आतही बांबू आणि बाहेरही बांबूच की!"

मुले हसली आणि कामाला लागली. मी मात्र हातात कामटी घेऊन तसाच उभा राहिलो. आत बांबू आणि बाहेर बांबू, हे त्या पोरीने कंदिलाविषयी म्हटले होते. मला ते माझ्याविषयी म्हटल्यासारखे वाटले.

त्याचे कारण सांगतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्यांच्या आधारावर मास्तर झालो. पण मॅट्रिक होईपर्यंतची फी, वह्या-पुस्तके आणि वर्षाकाठी एक नवा सदरा हे सारे बल्लारपूरहून येणाऱ्या मनिऑर्डरीतून भागत असे. ती धाडणारे माझे मामा. १९७२ च्या दुष्काळात आमच्या शिरूर तालुक्यात माणसे सरकारी कामावर खडी फोडत होती आणि मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. मामा तेव्हा बाविशीचे. आठ दिवस त्यांनी खडी फोडली, नवव्या दिवशी हातोडी मुकादमापुढे ठेवली आणि मिळेल त्या वाहनाने दौंड गाठले. दौंडहून मनमाड, मनमाडहून वर्धा, वर्ध्याहून बल्लारशा. तिथे आमच्याकडचा एक गृहस्थ रेल्वेत होता. त्याच्या ओळखीने मामा पेपरमिलमध्ये चिकटले ते चौतीस वर्षांनी, २००६ साली, निवृत्त होऊनच बाहेर आले. आता पंचाहत्तरी उलटली आहे. ते तिथेच राहतात.

मी पहिल्यांदा बल्लारपूरला गेलो तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. आम्ही भीमा आणि घोड या नद्यांच्या मुलखातली माणसे. आम्हाला नदी म्हणजे ऊस. वस्त्या नदीकाठी का होतात, या प्रश्नाचे शाळेतले उत्तर मला पाठ होते: पिण्यास पाणी व शेतीस गाळाची जमीन मिळते म्हणून. वर्धा नदीच्या काठचे ते नवे गाव मात्र निराळ्याच कारणाने वाढले होते. तिथे बांबू शिजवायला आणि त्याचा लगदा धुवायला पाणी लागत होते. बांबूचे तुकडे करायचे, कॉस्टिक आणि गंधकाचे क्षार घातलेल्या पाण्यात दाबाखाली ते शिजवायचे, त्यातले धागे सुटे करायचे, काळे पाणी निथळून घ्यायचे, आणि उरलेला लगदा धुऊन, गोरा करून जाळीवर पसरायचा. टनभर कागदाला दोन-अडीच टन बांबू असा हिशेब. मामा या शिजवण्याच्या खात्यात होते. गावात शिरताच नाकात जो नासक्या कोबीसारखा वास भरे, तो त्या गंधकाचा. मी नाक धरले तेव्हा मामी म्हणाली, "दोन दिवसांनी येणार नाही वास." आणि खरोखरच तो आला नाही. मनुष्य कशालाही किती लवकर सरावतो, याचा तो माझा पहिला धडा.

गाव तसे जुने आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याची राजधानी इथे होती. नदीकाठचा किल्ला अजून उभा आहे. राजाच्या अंगावर गाठी आणि फोड होते. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या पाण्याने ते बरे झाले, आणि राणीच्या सल्ल्याने त्याने तिथे नवे नगर वसवले, ते आजचे चंद्रपूर, अशी कथा सांगतात. म्हणजे या गावाचा निरोप प्रथम घेतला तो त्याच्या राजानेच. त्यानंतर शेकडो वर्षे ते आपल्या किल्ल्यासह नदीकाठी बसून राहिले. मग रेल्वे आली, आणि १९२९ साली काझीपेठचा लोहमार्ग जोडला जाऊन दिल्ली-मद्रास ही वाट बल्लारशावरून सुरू झाली. आलापल्लीकडचे सागवान, जमिनीखालचा कोळसा आणि डोंगरांवरचा बांबू यांना बाहेरची दारे उघडली. १९४५ साली कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच इथला कागद बाजारात आला. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तो १९५६ साली द्वैभाषिक मुंबईत आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. कागदाला त्याची फिकीर नव्हती. नवी राज्ये, नव्या शाळा, नवी कचेऱ्या, जो तो कागद मागत होता. तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेशातून, बिहारातून माणसे आली. बल्लारपूरला लोक 'मिनी इंडिया' म्हणू लागले. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती नव्वद हजारांच्या घरात गेली होती. मामांच्या चाळीत एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला भोजपुरी. दिवाळीत आमच्या करंज्या तिकडे जात आणि छठपूजेचा ठेकुआ इकडे येई.

आता ज्या प्रश्नासाठी हे सारे सांगितले त्याकडे येतो.

२०२३ च्या मार्चअखेर मी बल्लारपूरला होतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान त्याच आठवड्यात, २९ मार्चला, वाजतगाजत रवाना झाले. मिरवणूक पाहून परतताना आम्ही किल्ल्याखाली नदीच्या घाटावर बसलो. मामा म्हणाले, "लाकडाची मिरवणूक पहिल्यांदा बघितली. आमचा बांबू बिचारा रात्रीचा ट्रकनं यायचा."

मी सहज विचारले, "मामा, तो यायचा त्या जंगलात तुम्ही कधी गेला होतात का?"

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही. कधी गेलोच नाही. गेटच्या आत आल्यावर तो आपला. गेटच्या बाहेर त्याचं काय असतं, ते काही बघितलं नाही."

चौतीस वर्षे! या मनुष्याने किती बांबू शिजवला असेल त्याची गणती नाही; पण उभ्या बांबूचे बेट त्याने गाडीच्या खिडकीतूनच काय ते पाहिलेले. यात मामांचे काही चुकले का? रांजणगावच्या गणपतीपुढच्या कीर्तनात मी लहानपणी भीष्माची गोष्ट ऐकली होती. शरशय्येवरून भीष्म धर्म सांगू लागले तेव्हा द्रौपदी हसली. सभेत माझी विटंबना झाली तेव्हा हा धर्म कुठे होता, असे तिने विचारले. भीष्म म्हणाले, तेव्हा माझ्या पोटात दुर्योधनाचे अन्न होते. गोष्ट मोठी परिणामकारक आहे, आणि बुवा ती रंगवून सांगत. ज्याचे अन्न खावे त्याचा दोष रक्तात उतरतो, हे मला कित्येक वर्षे पटलेले होते. घाटावर मामांच्या शेजारी बसलो असता ते पटेनासे झाले. भीष्म सर्व पाहत होते. मामांनी पाहिलेच नव्हते. आणि जो दुष्काळातून उपाशी आला आहे त्याला, भाकर कोठून आली ते आधी पाहून ये, असे सांगण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या माणसाला नाही.

पण दोष नाही म्हणजे काहीच नाही काय? इथे आपल्या जुन्या माणसांनी केलेला एक भेद मला उपयोगी पडला. मनुष्य देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊनच जन्माला येतो, असे ते मानीत. ऋण असायला वाईट कृत्य करावे लागत नाही. कोणाकडून तरी मिळाले एवढे पुरते. मामांवर दोष नव्हता, पण ऋण होते. आणि ज्याची फी त्या पगारातून भरली गेली त्या माझ्यावरही होते. अडचण एवढीच की या ऋणाचा सावकार कोण ते ठाऊक नव्हते. तगादा लावायला कोणी दारी आले नाही, आणि ज्या कर्जाला तगादा नाही ते कर्ज आहे हेच मनुष्य विसरतो.

घेतल्याचा हिशेब माणसे पैशांत ठेवतात. तो कसा ठेवला गेला, याचे एक उदाहरण आपल्या सीमेपलीकडचे आहे. काळी नदीच्या काठी दांडेली म्हणून असेच जंगलावर उभे राहिलेले गाव आहे. तिथेही १९५० नंतरच्या दशकात कागद गिरणी निघाली. त्या वेळी तिला बांबू टनाला दीड रुपया या दराने दिला गेला. बुरुडाला तोच बांबू बाजारातून शेकडो पटींनी महाग घ्यावा लागे. पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुढे त्या भागातल्या बांबूचा अभ्यास केला, त्यातून ही गोष्ट सर्वांपुढे आली. दीड रुपया! मला ती किंमत वाटतच नाही. आम्ही तुमचे काही देणे लागत नाही, हे सांगण्याची ती एक सभ्य रीत वाटते.

त्याच अभ्यासातली दुसरी हकिकत मी मुलांना नेहमी सांगतो. तिकडच्या बांबूच्या बेटांना बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. ते साफ केले तर बेट मोकळे होऊन चांगले वाढेल, असे जंगल खात्याला वाटे आणि ते तोडून टाकले जाई. गावकरी म्हणत, काटे काढू नका, कोंब गुरे खातील. त्यांचे कोणी ऐकेना. गाडगिळांनी पाहिले तो गावकऱ्यांचेच खरे निघाले: काट्यांच्या आडोशाने कोवळे कोंब वाचत होते, आणि आडोसा गेल्यावर ते गुरांच्या तोंडी पडत होते. बेटे खंगत चालली होती. दरम्यान गिरणीचा बांबू दूरदूरहून येऊ लागला, आंध्रातून आणि पुढे थेट ईशान्येकडूनही.

मला वाटते, या हकिकतीत आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. बांबू तोडणे हे पाप खचित नव्हे. बुरूडही बांबूच तोडतो. तो मूळचा गवताचा प्रकार; जाणता माणूस दोन वर्षांच्या आतली काठी राखतो, जून काढतो, आणि पावसाळ्यात बेटाला नवे कोंब येतात. बुरूड थोडा तोडतो आणि गिरणी फार तोडते, हा भेद आहेच. पण तो मला दुय्यम वाटतो. खरा भेद असा, की बुरुडाला पुढल्या वर्षी त्याच बेटाकडे जायचे असते. आपण काय केले हे ते बेट त्याला दाखवणार असते. ज्याला दुसरे जंगल गाठता येते त्याला मागे वळून पाहावे लागत नाही. तोडण्याचा अधिकार कोणाला, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, ज्याला परत तिथेच यायचे आहे त्याला.

कोणी म्हणेल, मास्तर, हे बोलणे सोपे आहे. तो कागद नसता तर खेड्यापाड्यांतली पोरे कशावर शिकली असती? आक्षेप बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. मी स्वतः त्याच कागदावर शिकलो. इतकेच नव्हे, मी तीन कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतल्या दोन प्रकाशकाच्या घरी अजून सुखरूप आहेत. तेवढ्या कागदासाठी एखादे बेट तरी खर्ची पडले असेल. कागद नको असे मी म्हणत नाही. तो ज्यांच्या अंगणातून आला त्यांना विचारून आणि त्यांचे चुकते करून यायला काय हरकत होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे हवेतले नाही, हे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गावाने दाखवले आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. कागद गिरणीसाठी होणाऱ्या बांबूतोडीला या गावाने विरोध केला, आणि तोही भांडणापुरता नव्हे. जंगल कसे राखावे याचा अभ्यास मंडळे भरवून केला. कायदा मात्र विचित्र होता. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते, आणि झाड म्हणजे सरकारचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात आला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. एका गवताला झाडपणातून मोकळे व्हायला ऐंशीएक वर्षे लागली.

इकडे वर्धेकाठी निराळेच घडत होते. कागद गिरण्या निलगिरी-सुबाभळीकडे आणि परदेशच्या लगद्याकडे वळल्या. आणि बल्लारपूरचे नाव लावणारी मूळ कंपनी २०२० च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेली. भांडवल एका गावातून उठून दुसऱ्या गावी जाऊन बसू शकते. चाळ उठू शकत नाही. मामांच्या शेजारचे भोजपुरी कुटुंब तीन पिढ्या तिथे आहे. छपऱ्याला त्यांचे आता कोणी उरलेले नाही. जे गाव बांबूवर वाढले त्याच्यावर बांबूच्याच बेटासारखे जागीच उभे राहून वाट पाहण्याची पाळी आली, हे मला फार चमत्कारिक वाटते. आणि हे लिहिताना माझी नजर खिडकीबाहेर जाते. आमच्या रांजणगावला जंगल कधीच नव्हते. माळ होता, बाभळी होत्या. त्या माळावर आता औद्योगिक वसाहत आहे. माझे कित्येक विद्यार्थी तिथे कामाला आहेत, मोटारसायकली घेतात, बहिणींची लग्ने करतात, आणि मला रस्त्यात भेटले की गाडी थांबवून नमस्कार करतात. मला आनंदच होतो. पण त्यांच्या गेटच्या आत जे येते ते कोठून येते हे त्यांनीही पाहिलेले नसावे; आणि ज्यांनी गेट बांधले त्यांना इथेच परत यायचे आहे की नाही, ते मी त्यांना विचारलेले नाही.

असो. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी बुरूडबाबांकडे कामट्यांचे पैसे द्यायला गेलो. दरवर्षी मी पन्नासएक रुपये कमी करून घेतो. शाळेचे काम, मुलांचे काम, ही माझी ठरलेली सबब. त्या दिवशी विचारले, "बाबा, बांबू कुठून आणता?"

"वेल्ह्याकडनं, भोराकडनं. गाडीभाडं धरलं तर सुपात काही राहत नाही, मास्तर." मग माझ्याकडे पाहून ते हसले. "अन् तुम्ही त्यातनं पन्नास कापता."

मी सगळे पैसे दिले. त्यांनी मोजले, आणि चार कामट्या आपल्या मनाने वर घातल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी बल्लारपूरला गेलो आणि मामांना घेऊन गडचिरोलीच्या पुढे धानोऱ्याच्या रस्त्याने निघालो. मामी म्हणाली, या वयात जंगल कसले पाहता! पण मामांनी धुतलेले धोतर नेसले, टोपी घातली, पाहुण्याकडे निघावे तसे. एका गावाजवळ गाडी थांबवली. गावातला एक तरुण आमच्याबरोबर आला. पायवाटेने थोडे आत गेल्यावर बेटे लागली. पावसाळ्यातल्या कोंबांच्या आता कोवळ्या, फिकट हिरव्या काठ्या झाल्या होत्या. वास्त्यांची भाजी कशी करतात ते तो तरुण सांगत होता. मामांचे लक्ष नव्हते. ते एका बेटापाशी गेले आणि एका जून काठीवर हात ठेवून उभे राहिले. चौतीस वर्षे ज्याचे तुकडेच पाहिले तो बांबू त्यांनी मान वर करून शेंड्यापर्यंत पाहिला.

"केवढा असतो रे," ते म्हणाले.

मग त्यांनी त्या तरुणाला विचारले, "हा कधी तोडणार?"

"हा यंदा नाही, बाबा. याची पाळी अजून आली नाही. आम्ही आळीपाळीनं तोडतो."

"कोण ठरवतं?"

"आम्हीच. गावात बसून."

मामांनी काठीवरचा हात काढला आणि तो धोतराला पुसला. मग पुन्हा तिथेच ठेवला. परतताना गाडीत ते फारसे बोलले नाहीत. गडचिरोली ओलांडल्यावर एकदम म्हणाले, "तिथं वास येत नव्हता, बघ. मी लई वेळ घेत होतो."